नोकरी सांभाळून इंजिनिअरिंगची पदवी: मराठवाड्यातल्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमा झालाय, वाळूजला कंपनीत आहे. घरबसल्या ऑनलाइन बी.टेक. करता येईल का?

नाही. बी.ई. किंवा बी.टेक. ही पदवी ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने देण्याची परवानगी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार विद्यापीठांना नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या नियमावलीत बंदी असलेल्या अभ्यासक्रमांची यादी आहे. तिच्यात वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, कायदा यांच्याबरोबर इंजिनिअरिंगही आहे. कारण सरळ आहे. लेथ, वेल्डिंग, काँक्रीटचे क्यूब, ट्रान्सफॉर्मरची चाचणी हे पडद्यावर बघून हाताला येत नाही.

याचा अर्थ नोकरी करताना इंजिनिअर होता येत नाही असा नाही. खरे रस्ते तीन आहेत. पहिला, एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या) परवानगीने जवळच्या कॉलेजात संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी चालणारी नोकरदारांची तुकडी. दुसरा, आयआयटीसारख्या संस्थांच्या ऑनलाइन बी.एस., म्हणजे विज्ञानाच्या पदव्या. तिसरा, बीसीए-एमसीए या संगणकाच्या पदव्या. पुढचे जवळपास सगळे प्रश्न या तिघांतून कोणता निवडायचा आणि निवडल्यावर तो निभावायचा कसा, याभोवतीच फिरतात.

पण एक एजंट म्हणतो, “दोन वर्षांत बी.टेक., परीक्षा घरून, नोकरीला चालते.”

फोन ठेवून द्या. अशा जाहिरातींची भाषा आता पाठ झाली आहे: “क्रेडिट ट्रान्सफर”, “गॅप इयर भरून देतो”, “मागच्या तारखेने प्रवेश”, “एकाच बैठकीत सगळे पेपर”. मागच्या तारखेचा प्रवेश ही सरळ फसवणूक आहे आणि पडताळणीत अडकतो तो कागद वापरणारा, एजंट नाही. कंपनीने बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी करून घेतली की हजेरी, बोनाफाईड आणि त्याच काळातला पीएफचा रेकॉर्ड समोरासमोर येतो. दिवसा नियमित कॉलेज आणि त्याच तासांना दुसऱ्या जिल्ह्यात पूर्णवेळ नोकरी असे कागदावर दिसले, की पुढे बोलायला काही उरत नाही.

हे आधीही घडून गेले आहे. काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ मधल्या प्रवेशांच्या पदव्या स्थगित केल्या आणि त्या विद्यार्थ्यांना एआयसीटीईच्या परीक्षेची संधी दिली. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्दच झाल्या. त्या पदवीवर बढती घेतलेल्या लोकांची अवस्था काय झाली असेल याचा विचार करा.

एएमआयई केलं तर?

एएमआयई म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा देऊन मिळणारी पात्रता. ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांची नोंदणी झाली, त्यांचे एएमआयई पदवीसमान धरले जाते. आज नव्याने नोंदणी करून सरकारी नोकरीसाठी बी.ई.ची जागा भरून निघणार नाही.

नोकरदारांची तुकडी म्हणजे नेमकं काय? नियमित पदवीच का?

हो, पदवी नियमितच. एआयसीटीईने मान्यताप्राप्त कॉलेजांना नोकरदारांसाठी वेगळी तुकडी, सोयीच्या वेळेत, चालवायची मुभा दिली आहे. महाराष्ट्रात तंत्रशिक्षण संचालनालयाने २०२३-२४ पासून तिचे प्रवेश सुरू केले. डिप्लोमावाल्यांसाठी ही वाट थेट दुसऱ्या वर्षाची असते. विषय, प्रात्यक्षिके, परीक्षा, सगळे विद्यापीठाच्या नियमाप्रमाणेच.

अटी लक्षात ठेवाव्यात अशा:

- किमान एक वर्षाचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव.
- कंपनी किंवा कार्यालय नोंदणीकृत असावे. सरकारी, खासगी किंवा लघुउद्योग, काहीही चालते.
- नोकरीचे ठिकाण कॉलेजपासून ठराविक हवाई अंतराच्या आत असावे. सुरुवातीच्या नियमात हे अंतर ५० किलोमीटर होते. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आकडा पुन्हा पाहा.
- कंपनीचे ना-हरकत पत्र.

अट पन्नासचीच असेल तर मराठवाड्यात घोडे अडते ते अंतरापाशी. जालना शहर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यातले सरळ रेषेतले अंतरसुद्धा पन्नासच्या थोडे पुढे जाते. परभणी ते नांदेड, धाराशिव ते लातूर इथेही तीच गत. उलट शेंद्रा, चिकलठाणा, वाळूज, चितेगाव या पट्ट्यातल्या लोकांना शहरातली कॉलेजे आरामात अंतरात बसतात. अंतर एसटीच्या तिकिटावरून किंवा रस्त्याच्या पाटीवरून मोजू नका. नकाशाच्या ॲपमध्ये दोन बिंदूंमधले सरळ अंतर मोजायची सोय असते, ते मोजा आणि त्याचा स्क्रीनशॉट अर्जाबरोबर जवळ ठेवा.

कॉलेजची जाहिरात पाहिली, फी भरून टाकू?

थांबा. तीन गोष्टी तपासा, याच क्रमाने.

पहिली: एआयसीटीईच्या चालू वर्षाच्या मान्यतापत्रात त्या कॉलेजला त्या शाखेसाठी नोकरदारांची तुकडी मंजूर आहे का? कॉलेज मान्यताप्राप्त असणे वेगळे आणि ही तुकडी मंजूर असणे वेगळे. कॉलेजकडून पत्राची प्रत मागा, त्यावरचे वर्ष वाचा.

दुसरी: ते कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि त्या विद्यापीठाने ही तुकडी मान्य केली आहे का? मराठवाड्यातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजे लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ वेगळे. नावे सारखी असल्याने फॉर्मवर गोंधळ होतो आणि पुढे ट्रान्स्क्रिप्ट मागवताना भलत्याच ठिकाणी अर्ज जातो.

तिसरी: तुकडी खरोखर भरणार आहे का? एका शाखेच्या तुकडीला साधारण ३० जागा असतात आणि पुरेसे विद्यार्थी आले नाहीत तर कॉलेज ती चालवत नाही. “ॲडमिशन कन्फर्म” असे तोंडी सांगितले म्हणून दुसरीकडचा अर्ज मागे घेऊ नका. एकाच कंपनीतले किंवा एकाच वसाहतीतले पाच-सहा जण एकत्र जाऊन बोलले तर कॉलेजही गांभीर्याने घेते आणि वर्गाच्या वेळाही तुमच्या शिफ्टकडे बघून ठरतात.

शिफ्ट फिरते. फर्स्ट, सेकंड, नाईट. हजेरी कशी बसणार?

इथे गणित कागदावर मांडल्याशिवाय प्रवेश घेऊ नका. समजा वर्ग सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ६ ते ९. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पोचता. नाईट रात्री उशिरा सुरू होत असेल तर तेव्हाही पोचता, झोप मोडली तरी. सेकंडच्या आठवड्यात एकही तास मिळत नाही. म्हणजे तीन आठवड्यांत दोन, हजेरी ६७ टक्के. हजेरीची अट ७५ टक्के असेल तर पहिल्याच सत्रात डिटेन, म्हणजे परीक्षेला बसायला मनाई.

आता वर्ग चार संध्याकाळी अडीच-अडीच तास आणि शनिवार-रविवार मिळून आठ तास असे असतील, तर आठवड्याचे १८ तास होतात. सेकंडच्या आठवड्यात सुट्टीचे आठ तरी मिळतात. तीन आठवड्यांचे ५४ पैकी ४४ तास, हजेरी ८१ टक्के. तोच माणूस, तीच नोकरी, फक्त वेळापत्रक वेगळे. पण त्यातही एक मेख आहे: औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी दरवेळी रविवारीच असते असे नाही. तुमचा ‘ऑफ’ आठवड्याच्या मधल्या दिवशी येत असेल तर हा हिशेब कोसळतो.

म्हणून ना-हरकत पत्र मागताना नुसते “शिक्षणास हरकत नाही” एवढेच लिहून घेऊ नका. एचआरला विचारा: सत्र चालू असताना सेकंड शिफ्टऐवजी जनरल किंवा फर्स्ट मिळेल का, शिफ्टची अदलाबदल चालेल का, परीक्षेला रजा कोणत्या खात्यातून? पत्रात यातले जे बसेल ते बसवा. सुपरवायझर तोंडी “बघू की” म्हणतो, त्याची बदली झाली की नवा माणूस ते बघत नाही.

कागदपत्रे कोणती?

दहावी, डिप्लोमाची सर्व सत्रांची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर. नोकरीची म्हणून: नियुक्तीपत्र, अनुभव प्रमाणपत्र, ना-हरकत पत्र, पगाराच्या पावत्या. थेट दुसऱ्या वर्षासाठी डिप्लोमाला ४५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. त्यासाठी सीईटी लागत नाही.

कंत्राटदारामार्फत कामाला असणाऱ्यांची अडचण वेगळी. काम करता मोठ्या कंपनीत, पण नोकरी कागदावर कंत्राटदाराची. अशा वेळी ना-हरकत पत्र कंत्राटदाराचेच लागते आणि त्याचा नोंदणी क्रमांक, पीएफ कोड पत्रावर हवा. यूएएन पासबुकमध्ये त्याच कंत्राटदाराचे नाव दिसते का ते आधी बघा. मध्ये कंत्राटदार बदलला असेल तर दोघांचीही अनुभवपत्रे जोडा.

नावाचा घोळ आहे. दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी.

महाराष्ट्रात ही घरोघरची कहाणी आहे. नुसता क्रम बदललेला असेल तर बहुतेक ठिकाणी हमीपत्रावर भागते. वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे नुसते अद्याक्षर, किंवा आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे असेल तर ते आधी दुरुस्त करा. दहावीचे प्रमाणपत्र आधार मानून आधार कार्ड त्याला जुळवून घेणे सोपे पडते. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांना विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र लागते.

ऑनलाइन पदवीसाठी हे जास्त महत्त्वाचे आहे. यूजीसीने २०२४ पासून ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेशांना डीईबी-आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) सक्तीचा केला आहे. त्यासाठी आधी डिजिलॉकरमधून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (विद्यार्थ्याचे क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा) आयडी काढावा लागतो आणि तो आधारवरच्या नावाशी बांधलेला असतो. स्पेलिंग चुकले की हीच पायरी अडते, नेमकी शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री.

जुन्या कागदांवर औरंगाबाद, उस्मानाबाद छापलेले असते. २०२३ मध्ये जिल्ह्यांची नावे बदलली तरी ते कागद वैध आहेत. मात्र परीक्षा केंद्र निवडताना शहरांच्या यादीत नवे नाव सापडले नाही तर जुन्या नावाने शोधा.

आयआयटीची ऑनलाइन पदवी खरी आहे का?

खरी आहे, पण ती बी.टेक. नाही, हे पहिल्याच दिवशी डोक्यात पक्के करा. आयआयटी मद्रासच्या दोन पदव्या मुख्य: ‘डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स’ आणि २०२३ पासूनची ‘इलेक्ट्रॉनिक सिस्टीम्स’. दोन्ही चार वर्षांच्या बी.एस.

डेटा सायन्सची रचना अशी. जेईई लागत नाही. बारावी किंवा दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि दहावीला गणित व इंग्रजी, एवढ्यावर अर्ज करता येतो. मग चार आठवड्यांचा अभ्यास: गणित, सांख्यिकी, संगणकीय विचारपद्धती, इंग्रजी. दर आठवड्याच्या असाइनमेंटमध्ये किमान गुण मिळवले तरच पात्रता परीक्षेला बसता येते, आणि ती केंद्रावर जाऊनच द्यायची. उत्तीर्ण झालात की फाउंडेशनचे आठ कोर्स. त्यापुढे आयआयटीच्याच डिप्लोमाचे टप्पे आणि शेवटी पदवी. पूर्ण बी.एस. १४२ क्रेडिट्सची. मधल्या टप्प्यावर थांबलात तर तोवरचे प्रमाणपत्र हातात राहते, आणि नोकरदारासाठी या रचनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. उत्पन्न आणि प्रवर्गानुसार ७५ टक्क्यांपर्यंत फी सवलत मिळते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत तहसीलला गर्दी असते, तेव्हा दाखला आधीच काढून ठेवा.

इलेक्ट्रॉनिक सिस्टीम्सला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते. यातल्या काही प्रयोगशाळा कोर्सना चेन्नईच्या कॅम्पसमध्ये प्रत्यक्ष जावे लागते. त्यासाठी अर्जित रजा राखून ठेवा. दिवाळीला आणि लग्नसराईत सगळी रजा उधळली तर लॅब पुढच्या टर्मवर जाते.

ही पदवी घेऊन एमपीएससीच्या इंजिनिअरिंग सेवेला बसता येईल?

स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत या सेवांना त्या-त्या शाखेची इंजिनिअरिंगची पदवी लागते. डेटा सायन्सच्या बी.एस.ने ती अट पूर्ण होत नाही. राज्यसेवेसारख्या, कुठलीही पदवी चालणाऱ्या परीक्षांना मात्र मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी चालते. यूजीसीच्या मान्यतेने दिलेली ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते.

महावितरण, जिल्हा परिषद, पाटबंधारे अशा ठिकाणी आधीच नोकरीत असाल आणि पदवीवर बढती हवी असेल तर आधी सेवाप्रवेश नियम वाचा. तिथे नेमके काय लिहिले आहे, “अभियांत्रिकी पदवी” की “पदवी”? आणि प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. शिकून झाल्यावर मागितलेली परवानगी सेवापुस्तकात नोंदवताना फार त्रास देते.

मग मी कोणता रस्ता धरू?

आमचे मत स्पष्ट आहे. प्रॉडक्शन, मेंटेनन्स, टूल रूम, क्वालिटी, साइटवरचे सिव्हिल काम, सबस्टेशन असे काम असेल आणि याच क्षेत्रात वर जायचे असेल, तर संध्याकाळची तुकडी. दुसरे काही नाही. अंतर जुळत नसेल तर कॉलेजच्या जवळच्या शाखेत किंवा प्लांटमध्ये बदली मागणे हे भलत्या पदवीवर पैसे घालवण्यापेक्षा बरे.

काम संगणकावरचे असेल किंवा तिकडे वळायचे असेल तर ऑनलाइन बी.एस. जिद्दीने करण्यासारखे आहे. आयटीआयवाल्यांनी मात्र पदवीच्या मागे थेट न लागता आधी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा विचार करावा. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर तो प्रवेश मिळतो, आणि नोकरदारांच्या तुकड्या डिप्लोमालाही असतात.

बीएससी, बीकॉम झालेल्यांना सॉफ्टवेअरमध्ये जायचे असेल तर एमसीए हा सरळ मार्ग. त्यावर ऑनलाइनची बंदी नाही. बारावीला गणित नसेल तर पूर्वतयारीचा कोर्स लागू शकतो, ते माहितीपत्रकात पाहा.

बिट्स पिलानीचा नोकरदारांचा बी.टेक. ऐकला होता.

आहे. वर्क इंटिग्रेटेड लर्निंग म्हणतात त्याला. डिप्लोमा झालेल्या नोकरदारांसाठीच तो आखला आहे. कंपनीची संमती आणि कंपनीतलाच एक मार्गदर्शक लागतो. खासगी कंपन्यांत त्याला मान आहे. सरकारी बढतीसाठी घ्यायचा असेल तर तुमच्या विभागाकडून “हा चालेल” असे लेखी घ्या, मगच पैसे भरा.

आठवड्याला किती तास लागतात?

आयआयटीच्या एका कोर्सला आठवड्याला दहा तास धरा. व्हिडिओ, असाइनमेंट, सराव मिळून. पूर्णवेळ नोकरी असताना एका टर्मला दोन कोर्स, म्हणजे वीस तास. कामाच्या पाच दिवसांत रोज दोन आणि सुट्टीच्या दोन दिवसांत पाच-पाच. आठवड्याला एकच सुट्टी मिळत असेल तर सहा दिवस अडीच-अडीच आणि सुट्टीला पाच. पहिल्या टर्मला उत्साहात चार कोर्स घेतलेल्यांचे दोन हमखास राहतात आणि त्यांची फी पुन्हा भरावी लागते. वर्षाला तीन टर्म असतात. दोन-दोनच्या चालीने आठ कोर्सचे फाउंडेशन चार टर्ममध्ये, म्हणजे सव्वा-दीड वर्षात उरकते. हळू वाटते, पण टिकते.

घरी शेती असेल तर आणखी एक गोष्ट. जूनच्या पेरणीच्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सोयाबीन काढणी-कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे बोलावतात आणि जावेच लागते. त्या टर्मला एकच कोर्स घ्या. एखादी टर्म हलकी ठेवणे परवडते, अर्धवट सोडणे परवडत नाही.

गणित सुटून दहा वर्षे झाली.

संध्याकाळच्या तुकडीत थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या डिप्लोमावाल्यांना सगळ्यात आधी आडवे करते ते इंजिनिअरिंग मॅथ्स-३. लाप्लास, फूरियर, आंशिक अवकल समीकरणे. डिप्लोमाचे गणित पास होण्यापुरते केलेले असते आणि पहिल्या वर्षाचे गणिताचे दोन पेपर तुम्ही केलेलेच नसतात. अडचण लाप्लासमध्ये नसते, त्याच्या आत लागणाऱ्या पार्शल फ्रॅक्शनमध्ये आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्समध्ये असते.

वर्ग सुरू होण्याआधी आठ आठवडे हाताशी धरा. पहिले दोन बीजगणित आणि पार्शल फ्रॅक्शन, पुढचे दोन अवकलन, त्यापुढचे तीन फक्त संकलन, शेवटचा मॅट्रिक्स आणि कॉम्प्लेक्स नंबर. रोज दहा गणिते, वहीत, पेनने. व्हिडिओ बघून “कळलं” वाटते आणि पेपरात हात चालत नाही.

एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे कोर्स शिकायला फुकट आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी. त्यात असाइनमेंटचे २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेचे ७५ गुण असतात. १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारण तीन क्रेडिट्स. तुमचे कॉलेज ती क्रेडिट्स एखाद्या वैकल्पिक विषयाऐवजी धरते का, हे नोंदणीच्या आधी विचारा. नंतर विचारले तर उत्तर बहुधा “नाही” असते.

इंग्रजी कच्चे आहे.

पेपर इंग्रजीतच. पण समजून घ्यायला मराठीचा आधार घ्यायला हरकत नाही. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर इंजिनिअरिंगची काही पाठ्यपुस्तके मराठीत मोफत आहेत. एक प्रकरण मराठीत वाचा, मग तेच इंग्रजीत. उत्तरपत्रिकेत लांब वाक्ये लिहू नका. व्याख्या, आकृती, सूत्र, पायऱ्या, एकक.

लॅपटॉप, नेट, वीज: किमान काय हवे?

८ जीबी रॅम, एसएसडी, चालणारा वेबकॅम. नवीन घेत असाल तर १६ जीबी घ्या, कॅडचे काम असेल तर नक्कीच. जुन्या मशीनला एसएसडी आणि रॅम वाढवली तर कमी खर्चात दोन-तीन वर्षे निघतात. मोबाइलवर व्हिडिओ बघता येतो, प्रोग्रॅमिंगची असाइनमेंट होत नाही. सॉफ्टवेअरसाठी चोरीच्या प्रतीमागे धावायची गरज नाही: मॅटलॅबच्या सरावाला ऑक्टेव्ह, सर्किटला एलटीस्पाइस, पीसीबीला कायकॅड, कॅडला फ्रीकॅड, सगळे फुकट.

४८० पिक्सेलच्या व्हिडिओला तासाला ढोबळ अर्धा जीबी डेटा जातो, ७२० ला दीडपट ते दुपटीहून जास्त. रोज दीड जीबीच्या पॅकवर दोन तासांचा अभ्यास ४८० वर होतो. सोय असेल तिथे व्हिडिओ आधी उतरवून ठेवा आणि बसमध्ये बघा.

वीज हा खेड्यातला खरा प्रश्न. गावठाण फीडरवरही संध्याकाळी पुरवठा जातो, वादळात तर हमखास. वाय-फाय राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात. जास्त व्होल्ट जोडले तर राउटर जळू शकतो. पण फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद. लॅपटॉपची बॅटरी दोन तासही टिकत नसेल तर परीक्षेआधी बदला. घरून द्यायच्या कॅमेऱ्यावरच्या परीक्षेला दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला मोबाइल हॉटस्पॉट तयार ठेवा, आणि सरावाच्या लॉगिनला तो एकदा वापरून बघा.

असाइनमेंट शेवटच्या रात्री भरू नका. अंतिम मुदत रात्री ११:५९ असते आणि सेकंड शिफ्ट त्याच सुमारास सुटते.

फी हप्त्याने भरता येते म्हणतात.

हप्ता कोणाचा, ते वाचा. विद्यापीठाचा स्वतःचा सत्रनिहाय हप्ता असेल तर ठीक. मध्यस्थ ॲप “शून्य टक्के हप्ता” म्हणते तेव्हा बऱ्याचदा तुमच्या नावावर वित्तसंस्थेचे कर्ज काढलेले असते. शिक्षण सोडले तरी कर्ज सुटत नाही, हप्ता चुकला की सिबिल खराब होतो, आणि दोन वर्षांनी घरकर्ज मागायला गेलात की ते पुढे येते. आधारचा ओटीपी सांगण्याआधी करारावर कर्ज देणाऱ्याचे नाव शोधा.

दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवायला यूजीसीची बंदी आहे. त्यामुळे चौकातल्या “अधिकृत केंद्रा”ला रोख पैसे देऊ नका. फी विद्यापीठाच्या खात्यात, पावती विद्यापीठाच्या नावाची.

बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले तर व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच.

प्रोजेक्ट कंपनीतला चालेल?

चालतो, आणि तोच करा. मशीनचा सायकल टाइम कमी करणे, रिजेक्शनचे कारण शोधणे, कॉम्प्रेसरची हवा गळती मोजणे असे विषय रोज समोर असतात आणि तोंडी परीक्षेत त्यावर कोणी अडवू शकत नाही. कंपनीचे परवानगीपत्र आधी घ्या. ड्रॉइंग, ग्राहकाचे नाव, पार्ट नंबर अहवालात टाकू नका. आकडे टक्केवारीत द्या. नोकरी बदलली तर डेटा मागे राहतो, त्यामुळे मोजमापे पहिल्या दोन महिन्यांतच उरका.

मध्येच नोकरी सुटली किंवा बदलली तर प्रवेश जातो का?

नवी नोकरी लागली की नव्या कंपनीचे ना-हरकत पत्र लगेच कॉलेजात द्या. बदली दूरच्या जिल्ह्यात झाली तर हजेरीचा प्रश्न अटीच्या आधी उभा राहतो. अशा वेळी सत्र पूर्ण करून खंड घेता येतो का ते विद्यापीठाच्या परीक्षा विभागात विचारा, आणि उत्तर कॉलेजच्या कार्यालयाकडून लेखी घ्या. ऑनलाइन बी.एस.ला नोकरीची अटच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

पदवी मिळाली की पगार वाढेल?

आपोआप नाही. काही कंपन्या टेक्निशियनला पदवीनंतर इंजिनिअरच्या ग्रेडला घेतात, काही म्हणतात आधी जागा निघू द्या, काहींना पदवी फक्त प्रवेशाच्या वेळीच मोजायची असते. प्रवेशाआधी एचआरला ईमेल करा: या पदवीनंतर कोणत्या ग्रेडसाठी अर्ज करता येईल, अंतर्गत भरतीत अट काय आहे? तोंडी उत्तर आले तर “आपण सांगितल्याप्रमाणे” म्हणून त्याचाच ईमेल परत पाठवा.